अक्रोडांवरच्या पाट्या

९ मार्च

भावोजी,

अनेक आशीर्वाद.

फोनवर तुम्ही नुसतं "हो वहिनी, हो वहिनी" करता आणि फोन ठेवल्यावर मला कळत नाही की नक्की कशाला हो म्हणालात. म्हणून यापुढे जे काय ते कागदावर. तुमच्या दादांशीही मी असंच वागायला हवं होतं.

तर, घ्या ते अक्रोडाचं रान. माझं हो आहे. ह्यांच्या विम्याचे पैसे उद्या तुमच्या खात्यात भरते. अर्धा वाटा माझा, अर्धा तुमचा, आणि खरेदीखतावर दोघांची नावं.

घरमालक परवा वर आला होता. चहा घेतला, माझ्या शिलाई मशीनकडे बघत बसला आणि म्हणाला, "ही जागा मला विकायची आहे. पहिला हक्क तुमचा. पंधरा डिसेंबरपर्यंत थांबतो, पुढे नाही." इथे आल्यापासून याच खिडकीपाशी माझं मशीन आहे. गिऱ्हाईक डोळे मिटून जिना चढतं. या वयात दुसरीकडे गेले तर पँटी आखूड करून घ्यायला माझ्याकडे कोण कडमडणार आहे? विम्याचे पैसे घराला पुरत नाहीत. पण वखारवाल्यानं तुम्हाला जो भाव सांगितलाय त्या भावानं झाडं गेली, तर माझ्या वाट्यात हे घर होतं. म्हणजे माझं छप्पर आता तुमच्या त्या अक्रोडांना टांगलेलं आहे. रोज सकाळी दात घासताना हे एकदा आठवा.

आता एक सांगा, ते रान इतकं स्वस्त का? रानाचा म्हातारा मालक गेला आणि त्याच्या पुतणीला घाई आहे, हे मला पटतं आणि नाहीही पटत. आणि तोडायला पानगळीपर्यंत थांबायचं, तोवर राखण कोण करणार? माझा मावसभाऊ, तो वकील, म्हणतो की उभी झाडं रातोरात नाहीशी होतात आणि उरलेला खुंट दाखवून "हा जुनाच आहे" म्हणतात. तेव्हा प्रत्येक झाडाला नंबर घाला. खडूनं नको, धुऊन जाईल. रंगानं नको, कुणीही खरवडेल. पक्कं काहीतरी करा. पाट्या करणं तुमचा धंदाच आहे, मी काय सांगू?

धाकट्या जावेला आशीर्वाद. तिचा गुडघा कसा आहे ते तिलाच लिहू दे, तुम्ही सगळं बरंच सांगता.

वहिनी


२३ मार्च

ती. वहिनी,

सा. नमस्कार.

झालं! रान आपलं झालं. सही करताना माझा हात इतका कापला की कचेरीतला कारकून म्हणाला, "तुम्ही पेंटर ना?" मी म्हटलं, "ब्रश धरला की थांबतो."

स्वस्त का, तर पुतणी परदेशी निघाली आहे आणि तिला झाडांतलं ओ की ठो कळत नाही. मला तरी कुठे कळतं? म्हणून तर वखारवाल्याला आधीच नेऊन दाखवलं. त्यानं एकेका बुंध्याला मिठी मारली, थोपटलं आणि म्हणाला, "पानं झडू द्या, झाड झोपू द्या, मग याच भावानं सगळी उचलतो." म्हातारा माणूस पक्का होता. एका रेषेत झाडं लावली, कोवळेपणी खालच्या फांद्या छाटत राहिला, त्यामुळे बुंधे सरळसोट आहेत. वहिनी, तुम्ही बघायला हव्या होत्या त्या रांगा. मी मधे उभा राहून उगाचच टोपी काढली.

आता तुमचे नंबर. तुमचा हुकूम शिरसावंद्य. पत्र्याच्या पाट्या कापल्या, हिरवी जमीन, पांढरा आकडा, भट्टीत भाजलेला रंग. पंचवीस वर्षं उडणार नाही. आणि आमच्या धंद्याचा नियम तुम्हाला माहीत आहे: पाटी डोळ्यांच्या उंचीवर हवी, मान वर नाही, खाली नाही. चारही कोपऱ्यांत लांब खिळे, म्हणजे कलणार नाही आणि कुणाचा बाप उपटू शकणार नाही. धाकटी म्हणाली, "झाडांना आहे की शाळेतल्या पोरांना?" पण रांगेत उभं राहून बघितलं तर सगळे आकडे एका ओळीत दिसतात. सोबत फोटो पाठवतोय.

दादा असते तर म्हणाले असते, जंगलातही तुझी अक्षरं सुबकच.

तुमचा,
भावोजी


४ एप्रिल

भावोजी,

फोटो मिळाला. शाबास. शेजारणीला दाखवला, वकिलाला दाखवला. वकील म्हणाला, "याला म्हणतात पुरावा." चार खिळे मारलेत हे फार चांगलं केलंत. तुमच्यात एवढं डोकं आहे हे मला ठाऊक नव्हतं, रागावू नका.

घरमालकाकडून पंधरा डिसेंबर हे लिहून घेतलं. आता माझा जीव जरा भांड्यात पडला आहे. खिडकीला नवे पडदे शिवायला घेतले. आपल्या घराचे म्हणून शिवायचे तर वेगळाच हात चालतो.

धाकटीला गुडघ्याला बांधायला पट्टा शिवून पाठवलाय. दोन महिन्यांनी एकदा रानात चक्कर मारून मला कळवा.

वहिनी


१६ ऑक्टोबर

ती. वहिनी,

सा. नमस्कार.

पत्राला उशीर झाला. वखारवाला येऊन गेला. झाडं छान आहेत म्हणाला. पानं अजून पुरती झडलेली नाहीत, तेव्हा थोडं थांबावं लागेल असं दिसतं. इकडे थंडी लवकर सुरू झाली आहे. धाकटीचा गुडघा बरा आहे. दुकानात पाट्यांचं काम ठीक.

तुम्ही काळजी करू नका.

भावोजी


२५ ऑक्टोबर

भावोजी,

हे पत्र तुम्ही लिहिलंत की पोस्टमननं?

"असं दिसतं" म्हणजे काय? कुणाला दिसतं? तो म्हणाला काय, तारीख काय दिली, भाव तोच का, आणि आगाऊ रक्कम का नाही घेतलीत? तीन वेळा फोन केला. दोनदा धाकटीनं उचलला आणि म्हणाली, "ते रानात गेलेत." राखण करायची तर उन्हाळ्यात करायची होती. आता व्यापारी बघून गेल्यावर तुम्ही रोज रानात काय करता?

मागच्या वेळी तुम्ही रांगांबद्दल अख्खं पान लिहिलंत. या वेळी मला हवापाणी कळवता. मी तुम्हाला ओळखते, भावोजी. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही अर्धी चड्डी घालत होतात. बरणी फोडली की तुम्ही हवेबद्दलच बोलायला लागायचात.

सरळ लिहा.

वहिनी


६ नोव्हेंबर

ती. वहिनी,

सा. नमस्कार.

भाव यंदा जरा पडले आहेत. वखारवाल्याकडे मागचा माल पडून आहे म्हणतो. मी दुसऱ्या दोन व्यापाऱ्यांनाही दाखवतोय. एक जण बघून गेला, एक येणार आहे. या धंद्यात घाई केली की माणूस मरतो असं सगळेच सांगतात. पुढच्या वर्षी भाव चांगला येईल, पण तुम्हाला पुढचं वर्ष चालणार नाही, हे माझ्या डोक्यात आहे. दात घासताना आठवतो.

रानात जातो कारण तिथे बरं वाटतं, दुसरं काही नाही.

पंधरा डिसेंबरच्या आत तुमचे पैसे तुम्हाला मिळतील. हे मी कागदावर लिहून देतोय.

भावोजी


१४ नोव्हेंबर

भावोजी,

आधी म्हणालात पानं झडली नाहीत. आता म्हणता भाव पडले. पुढच्या पत्रात झाडांना पडसं झालं म्हणाल.

मी वकिलाकडे गेले होते. तो म्हणाला, ताई, हा जुना खेळ आहे. एक भागीदार अडलेला असला की दुसरा भाव पडल्याचं सांगतो, त्याचा वाटा स्वस्तात घेतो आणि वर्षानं दुप्पट भावानं विकतो. मी त्याला म्हटलं, माझा दीर तसा नाही. म्हटलं खरं, पण घरी येऊन तुमची सगळी पत्रं पुन्हा काढून वाचली.

काल घरमालक दोन माणसांना घेऊन आला. माझ्या खोलीत टेप लावून मोजलं. नवरा-बायको होते, चांगली होती बिचारी. ती बाई माझ्या मशीनकडे बोट दाखवून नवऱ्याला म्हणाली, "इथे सोफा येईल." मी कात्री हातात घेऊन उभी होते. कुणाला काही बोलले नाही, यावरून समजा माझी काय अवस्था आहे.

भावोजी, तुम्ही मला फसवताय का? एवढ्याचंच उत्तर द्या. हो किंवा नाही.

वहिनी


२८ नोव्हेंबर

ती. वहिनी,

सा. नमस्कार.

नाही.

तुमच्या वाट्याचे सगळे पैसे, वखारवाल्यानं पहिल्यांदा सांगितलेल्या भावानं, आज तुमच्या खात्यात भरले आहेत. बँकेत विचारून घ्या. घरमालकाला सांगून लवकरची तारीख घ्या आणि घर नावावर करा.

सोबत एक कागद आहे. त्यावर सही केलीत की रान माझ्या एकट्याचं होईल आणि तुम्हाला पुन्हा त्याचा विचार करावा लागणार नाही. व्यवस्था झाली आहे, कुठून ते विचारू नका.

भावोजी


२ डिसेंबर

भावोजी,

पैसे आले. पूर्ण आले. घरमालकाशी बोलले, बारा तारखेला नोंदणी आहे.

तुम्हाला वाटत असेल मी आता गप्प बसेन. भाव पडला म्हणता आणि मला जुना, चढा भाव देता? एवढा मोठा आकडा एका महिन्यात कुठून उभा राहिला? म्हणजे कुणीतरी तुम्हाला याहून जास्त देतंय आणि माझी सही झाली की तुम्ही विकणार. वकील म्हणाला तसंच झालं, फक्त तुम्ही थोडे जास्त सभ्य निघालात. मला घर मिळतंय. पण ज्या माणसाला मी पोटच्या पोरासारखं वाढवलं त्यानं माझ्याशी व्यवहार केला, हे मला घरापेक्षा महाग पडलं.

सही केलेली नाही. करणारही नाही, आधी खरं कळू दे. तुम्ही सांगत नाही, म्हणून मी वखारवाल्यालाच पत्र टाकलंय. माझंही नाव आहे त्या खरेदीखतावर.

वहिनी


११ डिसेंबर

भावोजी,

वखारवाल्याचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते, म्हणजे तुम्हाला कळेल मला काय काय कळलंय.

"बाई, झाडं उत्तम होती. पण प्रत्येक झाडात बरोबर डोळ्यांच्या उंचीला चार-चार खिळे आहेत. अक्रोडाचा सगळा पैसा बुंध्याच्या खालच्या भागात असतो, त्याचे पातळ तक्ते निघतात. लोखंडानं ते लाकूड आतून काळंनिळं पडतं, आणि खिळा आत तुटून राहिला तर माझ्या करवतीचं पातं जातं. गुडघ्याखाली ठोकले असते तर चाललं असतं, तेवढा भाग खुंटात जातो. आता मी ही झाडं जळणाच्या भावानं घेऊ शकतो. हे मी तुमच्या दिरांना ऑक्टोबरातच सांगितलं. दुसऱ्या व्यापाऱ्यांनीही त्यांना तेच सांगितलं. ते रोज पक्कड घेऊन एकटे खिळे उपटायला जातात. उपयोग नाही, मी त्यांना म्हटलं, पण ऐकत नाहीत. त्यांनी मला विचारलं, पाट्यांचं दुकान कुणी विकत घेईल का. माझ्या साडूनं घेतलं."

वाचून आधी मी तुम्हाला शिव्या घातल्या. डोळ्यांच्या उंचीवर! जंगलात कोण वाचणार होतं तुमच्या पाट्या, खारी? मग माझंच पत्र आठवलं. पक्कं काहीतरी करा, असं मीच म्हटलं होतं. चार खिळे मारलेत हे फार चांगलं केलंत, हेही मीच. मला चोर दिसत होते, आणि त्या भीतीनं मी धडधाकट झाडं तुमच्या हातून मारली. आणि वर तुम्हाला विचारलं, फसवताय का.

दुकान विकलंत? सासऱ्यांनी उभं केलेलं दुकान? धाकटीनं हे होऊ दिलं?

का नाही सांगितलंत मला? मी काय खाल्लं असतं तुम्हाला? दोन दिवस आरडाओरडा केला असता आणि तिसऱ्या दिवशी काहीतरी मार्ग काढला असता. पण मला कुणी काही सांगतच नाही. ह्यांच्या छातीत किती महिने दुखत होतं, डॉक्टरांनी मला विचारलं. मी म्हटलं, आजच. माझ्या तोंडाला भिऊन हे दुखणं गिळत राहिले आणि गेले. आता तुम्ही दुकान गिळलंत. मी अशी काय राक्षसीण आहे हो?

आज सकाळी घरमालकाला नाही म्हणून सांगितलं. त्या सोफावाल्या बाईला घेऊ दे जागा. पैसे सगळेच्या सगळे तुमच्या खात्यात परत भरले. लगेच जा आणि दुकान सोडवा. मी कुठेतरी खोली बघते. वाद घालू नका.

वहिनी


१७ डिसेंबर

वहिनी,

नमस्कार वगैरे पुढच्या पत्रात. आज मी तुमच्यावर ओरडणार आहे, आयुष्यात पहिल्यांदा.

तुम्हाला कुणी सांगितलं होतं घरमालकाला नाही म्हणायला? एक फोन करता येत नव्हता? स्वतःच म्हणता की सांगितलं असतं तर मार्ग काढला असता, मग तुम्ही मला न विचारता हा काय मार्ग काढलात? मी दुकान विकलं ते तुम्ही त्या खिडकीपाशी बसावं म्हणून. तुम्ही पत्र टाकून मोकळ्या झालात! मी तुमच्या घरमालकाला फोन केला. जागा गेली. सोमवारी त्यांच्या सह्या झाल्या.

आणि दुकान? तुमचं पत्र हातात घेऊन तसाच गेलो. वखारवाल्याच्या साडूनं तिथे साबण आणि फिनेल मांडलंय. बाबांचं लाकडी कपाट तोडून त्याच्या फळ्या केल्यात. मी म्हटलं, पैसे परत घ्या. तो म्हणाला, "काका, माझा जम बसतोय." त्याच्या दुकानाची पाटी मीच रंगवली आहे, वहिनी. त्यानं उभ्या उभ्या मजुरी दिली आणि मी घेतली.

म्हणजे आता तुम्हाला घर नाही, मला दुकान नाही, आणि दोघांच्या मालकीचं एक भोकं पडलेलं रान आहे. झालं समाधान?

ओरडून झालं. आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

तुम्ही राक्षसीण नाही. दादांचं मला माहीत नाही, ते कुणालाच काही सांगत नसत, बाबांनाही नाही. माझं सांगतो. तुम्ही ओरडाल म्हणून मी गप्प बसलो नाही. तुमचं ओरडणं मला लहानपणापासून पाठ आहे, त्याशिवाय घर घरासारखं वाटत नाही. पण दादा गेल्यावर आम्ही तुमच्याकडे राहिलो, तेव्हा तुम्ही कितीतरी आठवडे एक शब्द टाकून बोलला नाहीत. धाकटी दूध उतू जाऊ द्यायची, मुद्दाम, तुम्ही रागवावं म्हणून. तुम्ही नुसतं भांडं पुसायचात. खिळ्यांचं सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा तशाच बसल्या असतात, कारण पक्कं करा हे तुमचेच शब्द होते आणि ते तुम्ही स्वतःला कधी माफ केले नसते. त्यापेक्षा मला चोर म्हणा, असं मी ठरवलं. चोर म्हणताना निदान तुमचा आवाज तरी येत होता.

गुरुवारी टेम्पो घेऊन येतो. आमची पुढची खोली धाकटीनं रिकामी केली आहे. मशीन रस्त्याकडच्या खिडकीत बसेल, मी मोजलंय. अर्ध्या खोलीत तुम्ही, अर्ध्यात माझे रंग. रंगाच्या वासानं तुमचं डोकं उठेल आणि तुमच्या कपड्यांवर माझे शिंतोडे उडतील. गिऱ्हाईक येईल की नाही, ते मी सांगू शकत नाही. इथे तुम्हाला कुणी ओळखत नाही, आणि दुकान गेलेल्या पेंटरला लोक दारात उभं करूनच भाव पाडून मागतात. तुम्ही परत पाठवलेले पैसे आहेत तोवर चालेल. पुढचं मला दिसत नाही.

धाकटीला मी सांगितलंय की सगळं ठीक होईल. तुम्हाला तसं सांगत नाही. मला भीती वाटतेय, वहिनी. खूप भीती वाटतेय.

सामान बांधून ठेवा.

भावोजी